पोलादी मल्लांची जोड कोणी लावायची?

१/
दोन महाबली समोरासमोर आले तर जिंकेल कोण? हा प्रश्न मानवजातीइतकाच जुना असावा. महाभारतात द्रोणाचार्यांनी शिष्यांच्या परीक्षेसाठी रंगभूमी उभारली. कर्णाने अर्जुनाला आव्हान दिले, कृपाचार्यांनी त्याचे कुळ विचारले आणि वाद चालू असतानाच सूर्य मावळला. लढत झाली नाही. प्रेक्षक मात्र तट पाडून, आपापल्या वीराचे नाव घेत घरी गेले.

२/
विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जपानमधील मुलांनी हाच प्रश्न महाकाय यंत्रमानवांविषयी विचारला. अडचणीही त्याच होत्या. जोड कोण लावणार? नियम कोणाचे? आणि ज्याचा वीर चितपट होईल, त्या मुलाचे समाधान कसे करायचे? या तीन प्रश्नांची उत्तरे शोधता शोधता चित्रपट, हौशी प्रकाशने आणि खेळ यांचा एक स्वतंत्र इतिहास घडला.

३/
त्याचा आरंभ १९५६ मध्ये होतो. मित्सुतेरु योकोयामा यांची ‘तेत्सुजिन २८-गो’ ही चित्रमालिका ‘शोनेन’ या मासिकात सुरू झाली. तेत्सुजिन म्हणजे लोहपुरुष. कथेनुसार तो युद्धकाळात गुप्त अस्त्र म्हणून निर्माण झालेला. योकोयामा कोबे शहरातले, आणि १९४५ च्या हवाई हल्ल्यांत कोबे जळून गेले होते. आकाशातून येणाऱ्या यंत्रांचा धाक त्या पिढीला कोणी शिकवावा लागला नव्हता.

४/
या लोहपुरुषाला स्वतःची बुद्धी नाही. तो शोतारो नावाच्या मुलाच्या हातातील नियंत्रक-पेटीच्या आज्ञेने चालतो. पेटी चोराच्या हाती पडली, की तोच लोहपुरुष चोराचा सेवक. त्यामुळे ‘कोणते यंत्र बलवान’ या प्रश्नाआधी ‘पेटी कोणाच्या हाती’ हा प्रश्न येतो. पुढची वीस वर्षे कथाकारांना या कल्पनेचा फार उपयोग झाला.

५/
याच योकोयामांचा दुसरा यंत्रमानव भारतीय प्रेक्षकांनाही परका नाही. १९६७ च्या ‘जायंट रोबो’ या जपानी मालिकेची इंग्रजी आवृत्ती १९८० च्या दशकात दूरदर्शनवर दाखवली गेली. मनगटावरील घड्याळातून यंत्राला आज्ञा देणारा तो मुलगा आज पन्नाशीत असलेल्या अनेकांच्या स्मरणात आहे.

६/
१९७२ मध्ये गो नागाई यांनी ‘माझिंगर झेड’ निर्माण केला. वाहतुकीच्या कोंडीत अडकले असताना त्यांच्या मनात आले की, आपल्या गाडीला पाय फुटावेत आणि तिने पुढच्या गाड्या ओलांडून चालत जावे. त्या कल्पनेतून नवा प्रकार जन्मला: वीर यंत्राच्या आत बसतो. कोजी काबुतो आपले छोटे विमान यंत्राच्या मस्तकात उतरवतो आणि अठरा मीटरचे पोलादी शरीर त्याचे होते.

७/
हा बदल साधा नव्हता. पेटी चोरता येते, पण आत बसलेला माणूस आणि यंत्र एकरूप होतात. कोजीचे आजोबा नातवाला सांगतात की, या यंत्राच्या बळावर तू देव होऊ शकतोस किंवा दैत्य. यंत्राचा पराभव म्हणजे आता त्या मुलाचाच पराभव. झुंज लावणे त्यामुळे अधिकच अवघड झाले.

८/
१९७४ मध्ये ‘पोपी’ या खेळणी कंपनीने माझिंगरची जड धातूची प्रतिकृती बाजारात आणली. तिचे नाव ‘चोगोकिन’, म्हणजे कथेतल्याच अद्भुत मिश्रधातूचे. यंत्रमानव घरोघरी पोहोचले. एका मुलाच्या हाती एक आणि शेजारच्या मुलाच्या हाती दुसरा असला, की फड आपोआप रंगतो. कोणाच्याही परवानगीवाचून, तातामीच्या चटईवर.

९/
पडद्यावर मात्र परवानगी लागते. शाळांच्या सुट्ट्यांत ‘तोएई’ कंपनी मुलांसाठी अनेक लघुपटांचा एकत्र कार्यक्रम चित्रपटगृहांत दाखवत असे. जुलै १९७३ मध्ये त्यात ‘माझिंगर झेड विरुद्ध डेव्हिलमॅन’ आला. दोन्ही वीर नागाईंचे, दोन्ही मालिका तोएईच्या. घरातल्या घरात लावलेली ही जोड होती. नावात ‘विरुद्ध’ असले तरी कथेत आधी चुरस, मग तह आणि शेवटी समान शत्रूवर एकत्र चढाई.

१०/
एप्रिल १९७४ मध्ये नागाई आणि केन इशिकावा यांचा ‘गेटर रोबो’ आला. तीन विमाने ज्या क्रमाने जुळतील त्यानुसार त्याचे रूप बदलते: एक आकाशासाठी, दुसरे भूमीसाठी, तिसरे पाण्यासाठी. मार्च १९७५ मध्ये ‘ग्रेट माझिंगर विरुद्ध गेटर रोबो’ प्रदर्शित झाला. दोन्ही पथके एकमेकांना कमी लेखतात, आणि गिल्गिल्गान नावाचा अंतराळातून आलेला धातुभक्षक राक्षस दोघांनाही शहाणे करतो.

११/
खरी कसोटी १९७६ मध्ये लागली. ‘ग्रेंडायझर विरुद्ध ग्रेट माझिंगर’ या चित्रपटात दोन नायक-यंत्रे खरोखर भिडतात. मग हरणार कोण? उत्तर योकोयामांच्या पेटीत सापडले. शत्रूचा सेनानी ग्रेट माझिंगर पळवतो आणि स्वतः त्यात बसतो. यंत्र हरले तरी त्याचा खरा चालक तेत्सुया मैदानात नव्हताच! मराठी आखाड्याच्या भाषेत सांगायचे तर, पैलवानाचा लंगोट दुसऱ्यानेच कसला होता.

१२/
ही चतुराई समजण्याजोगी आहे. प्रत्येक यंत्रमानवामागे मालिका होती, मालिकेमागे खेळण्यांचा व्यापार होता. एका वीराला चितपट करणे म्हणजे दुकानातल्या एका फळीवर पाणी सोडणे. म्हणून मालकांनी भरवलेल्या प्रत्येक फडात कुस्ती बरोबरीत सुटे. चाहत्यांना हवा होता निकाल. त्यांना तो स्वतःच लिहावा लागणार होता.

१३/
त्यासाठी जागाही निर्माण होत होती. २१ डिसेंबर १९७५ रोजी तोक्योतील तोरानोमोन भागात, अग्निशमन संघटनेच्या इमारतीतील सभागृहात, पहिले ‘कोमिकेट’ भरले. ३२ हौशी मंडळे आणि सुमारे ७०० लोक. स्वतः छापलेल्या पुस्तिका, म्हणजे ‘दोजिन्शी’, हातोहात विकायच्या. आज याच मेळाव्याला लाखो लोक येतात.

१४/
दुसऱ्याच्या पात्रांवर कथा लिहिणे कायद्याने कितपत चालते? जपानमध्ये स्वामित्वहक्काचा भंग झाला तरी दीर्घकाळ मालकाने तक्रार केल्याशिवाय फौजदारी खटला उभा राहत नसे. मालक बहुधा गप्प राहत. अनेक नामवंत चित्रकार याच मेळाव्यांतून वर आले होते. २०१८ च्या अखेरीस कायदा बदलला आणि काही गुन्ह्यांत तक्रारीची अट गेली. पण ती प्रामुख्याने मूळ वस्तूची जशीच्या तशी नक्कल विकून बाजार बुडवणाऱ्यांसाठी. दोजिन्शी त्या कक्षेबाहेर ठेवण्यात आल्या.

१५/
७ एप्रिल १९७९ रोजी योशियुकी तोमिनो दिग्दर्शित ‘मोबाइल सूट गंडम’ सुरू झाली आणि आखाड्याचे सारे गणित विस्कटले. येथे यंत्रमानव कारखान्यात बनणारे युद्धसाहित्य आहे. गोळ्या संपतात, सुटे भाग लागतात, शत्रूच्या सैनिकालाही घर आणि नाव असते. खेळणी खपेनात, प्रायोजक नाराज झाला आणि ५२ भागांची योजना ४३ भागांवर गुंडाळली गेली.

१६/
पण जुलै १९८० मध्ये बांदाईने गंडमचा जोडणी-संच ३०० येनला आणला. तो १/१४४ प्रमाणात होता. अठरा मीटरचा गंडम साडेबारा सेंटिमीटरचा झाला. प्रमाण ठरले की तुलना शक्य होते. कोणाचे डोके कोणाच्या खांद्याला लागते, हे टेबलावर मांडून पाहता येऊ लागले. फेब्रुवारी १९८१ मध्ये गंडमच्या पहिल्या चित्रपटानिमित्त शिंजुकूत हजारो तरुण जमले. प्रेक्षक आता केवळ मुले राहिली नव्हती.

१७/
त्याच वर्षी ‘गंडम सेंच्युरी’ हे पुस्तक निघाले. अवकाशात इंधन न जाळता, केवळ हातापायांच्या हालचालीने यंत्र दिशा कशी बदलेल, अशा प्रश्नांची त्यात गंभीर चर्चा होती. मूळ मालिकेत नसलेली ही स्पष्टीकरणे पुढे अधिकृत कथाविश्वात सामावली गेली. जाणकार रसिकांनी लिहिलेली टीप मूळ ग्रंथात शिरली.

१८/
आता निरनिराळ्या विश्वांतील यंत्रांची स्पर्धा लावू पाहणाऱ्यापुढचा पेच पाहा. माझिंगर आणि गंडम, दोघे १८ मीटर. गेटर ३८ मीटर. १९८० चा ‘इदेऑन’ १०५ मीटर. उंची मोजता येते, पण माझिंगर जिंकतो तो चालकाच्या जिद्दीवर आणि गंडमची बंदूक ठराविक वेळाच चालते. एका विश्वाचा नियम लावला तर दुसऱ्या विश्वाचा वीर लढतीआधीच हरतो. यंत्रांआधी दोन नियमपद्धतींची जोड लावावी लागते.

१९/
नियमांची पर्वा न करणारा मार्गही होता. ऑगस्ट १९८१ मध्ये ओसाकातील ‘दाइकोन ३’ या विज्ञानकथा संमेलनासाठी हिदेआकी आन्नो, हिरोयुकी यामागा आणि ताकामी आकाई या विद्यार्थ्यांनी एक छोटा सचेतपट केला. दप्तर पाठीवर घेतलेली लहान मुलगी एकामागून एक प्रसिद्ध यंत्रांशी आणि राक्षसांशी लढते. १९८३ च्या ‘दाइकोन ४’ मध्ये पात्रांची गर्दी कितीतरी वाढली. परवानग्यांअभावी त्याची सर्रास विक्री कधीच होऊ शकली नाही. पण त्याच मंडळींनी १९८४ मध्ये ‘गायनॅक्स’ काढली आणि १९९५ मध्ये आन्नोंची ‘इव्हँजेलियन’ आली.

२०/
मालकांच्या बाजूने कोंडी फुटली ती एका गमतीदार युक्तीने. एप्रिल १९९० मध्ये बानप्रेस्तो कंपनीने फॅमिकॉम यंत्रासाठी एक खेळ आणला. त्यात अल्ट्रामॅन, कामेन रायडर आणि गंडम चक्क सुमो कुस्ती खेळतात. मोठी डोकी, बुटकी शरीरे, सगळे एकाच मापाचे. उंचीचा वाद मिटला. आणि सुमोत वर्तुळाबाहेर गेलेला मल्ल मरत नाही. नमस्कार करून तो दुसऱ्या दिवशी पुन्हा उभा राहतो. पराभव परवडण्याजोगा झाला.

२१/
बरोबर एका वर्षाने, २० एप्रिल १९९१ रोजी, गेम बॉयवर ‘सुपर रोबोट तायसेन’ आला. माझिंगर, गेटर आणि गंडम एका पटावर. पहिल्या खेळात चालक नव्हतेच, यंत्रेच सजीव होती. शत्रुपक्षातील यंत्राला समजावून आपल्याकडे वळवता येई. आणि अंतिम शत्रू कोण? १९७५ च्या चित्रपटातील तोच गिल्गिल्गान. कोणीतरी ती जुनी सुट्टी विसरले नव्हते.

२२/
डिसेंबर १९९१ च्या दुसऱ्या भागात चालक आले, कथा आली आणि नियमांचा पेचही सुटू लागला. गंडम चपळ, तो वार चुकवतो. माझिंगर जाड कवचाचा, तो वार झेलतो. चालकाची जिद्दही आकड्यांत मोजली गेली. पुढील भागांत यंत्राच्या आकारमानाचा परिणामही हिशेबात आला. प्रत्येक विश्वाचा नियम तोडला नाही, त्याचे एका समान चलनात भाषांतर केले.

२३/
या मालिकेची सर्वांत लाडकी परंपरा मात्र जिंकण्याशी संबंधित नाही. मूळ कथेत मरण पावलेली काही पात्रे खेळाडूने विशिष्ट अटी पूर्ण केल्या तर येथे वाचतात. दुसऱ्या विश्वातला मित्र वेळेवर पोहोचतो आणि मरण टळते. चाहत्यांनी वह्यांत आणि पुस्तिकांत वर्षानुवर्षे लिहिलेली इच्छा अधिकृत पटावर उमटली.

२४/
तेव्हा, जिंकेल कोण? पन्नास वर्षांत मालकांनी या प्रश्नाचे स्पष्ट उत्तर दिलेले नाही, आणि चाहत्यांनी हजारो दिली आहेत. यातून एक गोष्ट मात्र दिसते. ‘माझा वीर श्रेष्ठ’ हे सिद्ध करायला निघालेल्याला आधी दुसऱ्याच्या वीराची कथा मन लावून वाचावी लागली. त्याची उंची, त्याचे शस्त्र, त्याच्या चालकाचे दुःख. अशा अभ्यासानंतर निव्वळ द्वेष करणे कठीण जाते.

२५/
१९९५ च्या भूकंपात कोबेचा नागाता भाग उद्ध्वस्त झाला. २००९ मध्ये तेथील उद्यानात तेत्सुजिनचा अठरा मीटरचा पुतळा उभा राहिला. दोनदा बेचिराख झालेल्या शहरात, मूठ उगारलेला. त्याच्या सावलीत मुले खेळतात. नियंत्रक-पेटी आता कोणा एकाच्या हाती नाही.