बुडीत जहाजांतील स्पॅनिश रियाल आणि खानदेश

स्पेनच्या अमेरिकेतील वसाहतींत, मुख्यतः मेक्सिको आणि आजच्या बोलिव्हियातील पोतोसी येथील टांकसाळींत पाडलेली, जहाजांबरोबर समुद्रात बुडालेली आणि पुढे पाणबुड्यांनी वर काढलेली चांदीची नाणी हा नाणकशास्त्रातील एक स्वतंत्र संग्रहविषय आहे. त्यांतील प्रमुख नाणे आठ रियालांचे असून त्याचे वजन सुमारे २७ ग्रॅम असे. त्याच्या चांदीचा कस, म्हणजे शुद्धतेचे प्रमाण, सतराव्या शतकात हजारात ९३१ होता आणि अठराव्या शतकात तो टप्प्याटप्प्याने उतरवण्यात आला. जळगाव, धुळे आणि १९९८ साली धुळ्यातून वेगळा झालेला नंदुरबार मिळून होणाऱ्या खानदेशाला समुद्रकिनारा नाही. तरीही सुरत–बुऱ्हाणपूर व्यापारमार्ग याच प्रदेशातून जात असल्यामुळे या चांदीचा खानदेशाच्या आर्थिक इतिहासाशी निकटचा संबंध आहे.

सतराव्या शतकातील फ्रेंच जवाहिऱ्या प्रवासी ताव्हेर्निए याने या मार्गावरील मुक्कामांची यादी दिली असून तीत नवापूर, नंदुरबार, थाळनेर आणि चोपडा ही गावे ओळखता येतात. १६१५ साली इंग्रज वकील सर टॉमस रो हाही सुरतेहून खानदेशमार्गेच बुऱ्हाणपुरास शाहजादा परवेझच्या भेटीस गेला होता. खानदेश आणि बुऱ्हाणपूर परिसरातील सुती कापड या वाटेने सुरतेस उतरे व तेथून इराण, अरबस्तान आणि युरोपकडे रवाना होई. युरोपीय व्यापाऱ्यांकडे त्याच्या मोबदल्यात देण्याजोगा माल थोडाच असल्याने त्यांना किंमत बव्हंशी चांदीत चुकवावी लागे, आणि ती चांदी मोठ्या प्रमाणात स्पॅनिश अमेरिकेतून आलेली असे.

परंतु आलेला रियाल मोगल मुलखात नाणे म्हणून चालत नसे. सराफ त्याचे वजन व कस पाहून भाव ठरवीत आणि टांकसाळीत ठरावीक शुल्क भरले की कोणाही व्यापाऱ्याला आपली चांदी वितळवून तिचे रुपये पाडून घेता येत. मोगल रुपयाचे वजन साधारण साडेअकरा ग्रॅम आणि कस रियालापेक्षा चढा होता. त्यामुळे आठ रियालांच्या एका नाण्यातील शुद्ध चांदी सुमारे सव्वादोन रुपयांतील चांदीइतकी भरे. चालू सालाचा रुपया पूर्ण मोलाने घेतला जाई, जुन्या सालाच्या रुपयावर बट्टा, म्हणजे कसर, कापली जाई. मग परक्या छापाचे नाणे तसेच साठवून ठेवण्यात व्यापाऱ्याला कोणताच लाभ नव्हता. मुक्कामी पोहोचलेले रियाल अशा रीतीने मुशीत गेले आणि बुडालेले तेवढे मूळ रूपात राहिले, ही या विषयाची कळ आहे. खानदेशातील जुन्या घरांतून औरंगजेबकालीन सुरत किंवा बुऱ्हाणपूर छापाचा रुपया निघाला, तर त्यात पोतोसीच्या डोंगराची चांदी असण्याचा संभव पुष्कळ आहे. रियाल मात्र क्वचितच निघेल.

संग्राहकांत सर्वाधिक ख्याती ‘आतोचा’ या स्पॅनिश जहाजाची आहे. ते १६२२ साली फ्लोरिडाजवळ बुडाले आणि त्याचा मुख्य साठा १९८५ साली हाती लागला. पूर्वेकडील व्यापाराच्या दृष्टीने मात्र १७४३ सालची दोन जहाजे अधिक बोलकी आहेत. केप व्हर्दे बेटांजवळ फुटलेले इंग्रज ईस्ट इंडिया कंपनीचे ‘प्रिन्सेस लुईझा’ आणि सिली बेटांजवळ बुडालेले डच कंपनीचे ‘हॉलंडिया’ ही दोन्ही पूर्वेकडे निघालेली होती आणि दोहोंवर स्पॅनिश वसाहतींतील चांदीची नाणी होती.

याच प्रवासाचा पुढचा टप्पा श्रीलंकेच्या आग्नेय किनाऱ्यापलीकडील ग्रेट बासेस खडकांवर १९६१ साली सापडला. तेथे फुटलेल्या एका जहाजात औरंगजेबाचे हिजरी १११३ (इ. स. १७०१–०२) सालचे, सुरत टांकसाळीचे रुपये होते. थैल्या कुजून गेल्या, तरी एकेका थैलीतील सुमारे हजार रुपये परस्परांना चिकटून थैलीच्याच आकाराचे गठ्ठे झाले होते. या शोधावर आर्थर सी. क्लार्क यांनी १९६४ साली पुस्तक लिहिले. खानदेशातील संग्राहकाने बुडीत जहाजांच्या नाण्यांकडे वळायचे ठरवले, तर त्याच्या संग्रहात शोभेल असे पहिले नाणे फ्लोरिडाच्या रियालापेक्षा हा रुपयाच होय.

जुने रियाल चांदीच्या कांबीचे तुकडे तोडून व हातोड्याने ठसा उमटवून बनवीत, त्यामुळे त्यांच्या कडा वेड्यावाकड्या असत आणि छाप बहुधा अपुरा उमटे. मेक्सिकोत १७३२ पासून यंत्राने गोल नाणी पाडली जाऊ लागली. समुद्रतळाशी चांदीचा पृष्ठभाग काळवंडतो, खारे पाणी धातू खाते आणि वजन घटते, म्हणून सराफाच्या तराजूवर हलके भरणारे नाणे तेवढ्यावरून खोटे ठरत नाही. उलट, हाताने तोडलेली दोन नाणी बाह्याकाराने तंतोतंत सारखी असतील, तर ती एकाच साच्यातून ओतलेल्या नकला समजाव्यात. जहाजाच्या नावामुळे किंमत कित्येक पटींनी चढते; त्यामुळे प्रमाणपत्रावरील छायाचित्र आणि हातातील नाणे यांचा मेळ बसतो की नाही हे पाहणे भाग असते, कारण कागद एका नाण्याचा आणि नाणे दुसरेच, असा प्रकार या बाजारात अशक्य नाही.

मालकीचा प्रश्नही सरळ नाही. १८०४ साली बुडालेल्या ‘मेर्सेदेस’ या स्पॅनिश युद्धनौकेची जवळपास सहा लाख नाणी एका अमेरिकन कंपनीने २००७ साली वर काढली. अमेरिकी न्यायालयाच्या निर्णयाने ती सर्व २०१२ साली स्पेनला परत करण्यात आली. भारतात १९७२ च्या पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियमानुसार शंभर वर्षांहून जुने नाणे पुरावशेष ठरते आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर पाठवता येत नाही. तसेच जमिनीत दडलेला दहा रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा सापडल्यास १८७८ च्या निखात निधी अधिनियमानुसार जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणे बंधनकारक आहे.