दोन टेंभुर्णी आणि मुक्कामाची गाडी

ज्याच्या पानांच्या विड्या वळतात, त्या झाडावरून नाव पडलेली टेंभुर्णी महाराष्ट्रात एकच नाही. आमची टेंभुर्णी जालना जिल्ह्यातल्या जाफराबाद तालुक्यातली, १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात असलेली. दुसरी सोलापूर जिल्ह्यातली, पुणे-सोलापूर रस्त्यावरची. मुंबई इलाख्याच्या जुन्या गॅझेटियरांत टेंभुर्णीला बैलगाड्यांचा कारखाना निघाल्याची नोंद आहे, ती या दुसऱ्या गावाची. निजामाच्या मुलखातल्या गावाचा तिच्याशी संबंध नाही. तरीही एका प्रश्नाच्या इतिहासात ही नोंद महत्त्वाची आहे. बायकामुले घेऊन चार रात्री घराबाहेर काढायच्या, तर वाहन कोणते घ्यावे, हा तो प्रश्न.

आज तो नवा वाटतो. २०२१ मध्ये महाराष्ट्र शासनाने कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले आणि झोपायची, स्वयंपाकाची सोय असलेली गाडी भाड्याने घ्यावी की विकत, याची चर्चा शहरी घरांत होऊ लागली. पण दख्खनच्या वाटांवर ही चर्चा साडेतीनशे वर्षांपूर्वीही झालेली आहे आणि तिचा हिशेबही उपलब्ध आहे.

तो मांडला तावर्निए या फ्रेंच जवाहिऱ्याने. हिऱ्यांच्या व्यापारासाठी तो सुरतेहून गोवळकोंड्याला जाई. त्याच्या टप्प्यांत औरंगाबाद आहे आणि आज जालना जिल्ह्यात असलेले अंबडही आहे. त्याचे प्रवासवर्णन १६७६ मध्ये छापले गेले. त्यात तो सांगतो की, प्रवासाच्या हलक्या बैलगाडीत दोघे बसू शकतात, पण बहुधा एकटाच बसतो, म्हणजे कपडे जवळ ठेवता येतात. दारूची पेटी आणि वाटखर्चीचे सामान गाडीखाली बांधतात. पडदे असतात, गाद्या असतात. मात्र गाडी टांगलेली नसते, म्हणजे प्रत्येक खड्डा अंगात उतरतो. अशा गाडीचे भाडे दिवसाला सुमारे एक रुपया. सुरतेपासून गोवळकोंड्यापर्यंत साधारण चाळीस दिवस आणि ४० ते ४५ रुपये. शेवटच्या सफरीत मात्र तावर्निएने आपल्याकडच्या पद्धतीची गाडी मुद्दाम बनवून घेतली. तिच्या बैलजोडीलाच त्याला जवळजवळ ६०० रुपये पडले.

म्हणजे बैलांच्या किमतीत सहाशे दिवसांचे भाडे निघाले असते. शिवाय खुराक वेगळा: वाटेत गव्हाच्या पिठाचे लोणी आणि काळी साखर घालून मळलेले गोळे, संध्याकाळी भिजवलेले हरभरे. हिऱ्यांच्या व्यापाऱ्याला हे परवडले. इतरांनी गाडी भाड्यानेच घ्यावी, हा निष्कर्ष त्याच्याच आकड्यांतून निघतो.

शेतकऱ्याच्या घरी हा हिशेब लागू नव्हता. त्याला बैल शेतीसाठी पाळायचेच होते. अडचण होती ती गाडीची. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सोलापूर-पुण्याकडच्या गाड्या थोड्या, बोजड आणि महाग होत्या. काहींची चाके चक्क दगडाची, भरीव. ती ओढायला एक जोडी पुरत नसे. माल मुख्यतः बैलांच्या पाठीवर जाई. १८३६ च्या सुमारास लेफ्टनंट गेसफर्ड याने हलकी, आऱ्यांच्या चाकांची गाडी पुढे आणली आणि ती बनवण्यासाठी सोलापूरकडच्या टेंभुर्णीला कारखाना काढला. हेतू होता माल बाजारात पोचवण्याचा आणि अर्थातच सारा वसुलीला येण्याचा. कुणाच्या जत्रेची सोय करावी, असा विचार त्यामागे नव्हता.

परंतु एका जोडीने ओढली जाणारी गाडी दारात आली की तिच्यात कापूस जातो तशी आजीही जाते. वारी पायी करणाऱ्यांना गाडीची गरज नव्हती. लेकुरवाळी, बाळंतीण, म्हातारी माणसे यांना मात्र ती होती. माझ्या मते हलक्या चाकाचा सर्वांत मोठा लाभ यांना झाला. रस्ते आणि रेल्वे यांच्या इतिहासात हा लाभ मोजलेला दिसत नाही, कारण तो मालाच्या वजनात मोजता येत नाही.

आमच्या भागात बैलगाडीच्या काळी निवड मुख्यतः दोन गाड्यांत होती. एक दमणी: बसण्यासाठीच केलेली, हलकी, वर छप्पर असलेली. ती असणे हे सुस्थितीचे लक्षण. दुसरी साधी गाडी: एरवी शेणखत, कडबा, कापूस वाहणारी. बहुतेकांच्या दारात दुसरीच असे आणि तीच जत्रेसाठी सजे. आदल्या दिवशी धुऊन आसाला वंगण घालायचे, वर तट्ट्या वाकवून बांधायचा, खाली कडबा पसरून त्यावर वाकळ घालायची. हा कडबा म्हणजे जातानाची गादी आणि मुक्कामावरची वैरण. धपाटे, दशम्या, शेंगदाण्याची चटणी बांधून घ्यायची आणि गाडीखाली कंदील टांगायचा. राजूरचा गणपती आणि देऊळगाव राजाचा बालाजी जवळचे. सैलानीला जायचे तर वाटेत मुक्काम. तिथे बैल सोडून चाकाला बांधायचे, गाडीला टेकू द्यायचा. बायकामुले वर, पुरुष गाडीखाली. मुक्कामाची जागा ठरे ती विहिरीवरून, कारण माणसांआधी बैलांना पाणी लागे.

पुढे जालन्याला रेल्वे आली, नंतर एसटी गावोगाव गेली आणि दमणी मागे पडली. साधी गाडी टिकली, कारण तिला जत्रेपलीकडे काम होते. तिला रबरी टायर आले. मग तिचे काम ट्रॅक्टरच्या ट्रॉलीने घेतले आणि त्याबरोबर जत्राही घेतली. ट्रॉलीत माणसे बसवून नेण्यास कायद्याने मनाई आहे आणि उलटलेल्या ट्रॉल्यांच्या बातम्या दर हंगामात येतात. तरी लोक तिच्यात बसतात. दारात असलेल्या वाहनातच सगळे घर मावावे, ही सवय जुनी आहे. जोखीम मात्र बैलांच्या चालीची राहिलेली नाही.

वाहनासोबत संसार हलवणारा आणखी एक वर्ग याच मराठवाड्यात आहे. दिवाळीच्या आसपास ऊसतोड कामगार गाडीबैल, भांडी, लेकरे घेऊन कारखान्याकडे निघतात. 'गाडी सेंटर'वाल्यांची गाडी स्वतःची, 'टायर सेंटर'वाल्यांची कारखान्याने दिलेली. विकत की भाड्याने, हा प्रश्न इथेही आहे, फक्त तो उचल, भाडे आणि कर्जाच्या भाषेत विचारला जातो. मुक्काम कोपीत, काही महिन्यांचा. कॅराव्हॅन धोरणात गाडी उभी करण्याच्या जागी पाणी, वीज आणि स्वच्छतागृह असावे, असा विचार आहे. तो योग्यच आहे. कोपीच्या तळावरच्या बायकांची मागणी याहून वेगळी नाही आणि ती कितीतरी जुनी आहे.

तावर्निएपासून कॅराव्हॅनपर्यंत निवड ठरते ती तीन गोष्टींवर: ओढणाऱ्याचा खर्च किती, रात्री पाणी कुठे, आणि वर्षाचे उरलेले दिवस हे वाहन काय करणार. दमणी तिसऱ्या प्रश्नावर हरली, साधी गाडी जिंकली. ज्या घरात वर्षातून दोनदाच सहल निघते, तिथे लाखोंची गाडी दारात उभी करण्याआधी तावर्निएचे सहाशे दिवस मोजून पाहावेत.