परक्यांची मुले आणि शिक्षणाचा खर्च : तंजावूरच्या छत्रांपासून आजच्या शिष्यवृत्तीपर्यंत



मी तंजावूरमध्ये अभियांत्रिकी शिकवतो. इतिहास हा माझा विषय नव्हे. एका अर्जामुळे मी त्याकडे वळलो. काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गातली एक मुलगी शिष्यवृत्तीचा अर्ज घेऊन आली. गुण उत्तम होते, घरचे उत्पन्न मर्यादेच्या पुष्कळ खाली होते. ती अडली एका रकान्यात : राष्ट्रीयत्व. जन्म तमिळनाडूतला, शाळा इथलीच; आईवडील मात्र श्रीलंकेतून आलेले निर्वासित. 'भारतीय' लिहिता येईना. 'परदेशी' लिहावे, तर परदेशी विद्यार्थ्यांची फी मागतील ही भीती. अर्ज परत आला.

जो विद्यार्थी नागरिक नाही, त्याच्या शिक्षणाचा खर्च कोणी उचलायचा? हा प्रश्न तंजावूरला नवा नाही. या पाठात आपण त्याचे दोन कालखंड पाहू.

१. छत्रातील शाळा

तंजावूरवर 1676 च्या सुमारास व्यंकोजीराजे भोसले यांची सत्ता आली. त्यांच्या वंशातील राजांनी रामेश्वरच्या यात्रामार्गावर छत्रे बांधली. छत्र म्हणजे धर्मशाळा आणि अन्नछत्र एकत्र; खर्चासाठी गावांचे उत्पन्न तोडून दिलेले असे. अनेक छत्रांना राजघराण्यातील स्त्रियांची नावे आहेत. दुसऱ्या सरफोजीराजांनी 1802 मध्ये ओरत्तनाड येथे उभारलेले मुक्तांबाळ छत्र त्यांपैकी प्रसिद्ध.

1799 च्या तहाने राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. छत्रांचा प्रश्न निघाला तेव्हा 1801 मध्ये सरफोजीराजांनी ब्रिटिश रेसिडेंटला पत्र लिहून ती आपल्याकडेच राहावीत असा आग्रह धरला. या पत्रात छत्रांच्या कामाचे वर्णन आहे. कोणत्याही देशाचा, कोणत्याही जातीचा वाटसरू आला तरी त्याला अन्न मिळे; आजाऱ्याला औषध मिळे. आपल्या विषयासाठी महत्त्वाचा भाग पुढे आहे. छत्रात आलेल्या परक्या माणसांची पोरकी मुले शिक्षकाच्या हवाली केली जात. त्यांना तीन वेळा जेवण, कपडे, औषध मिळे. ज्या विद्येची आवड, ती शिकवली जाई. शिक्षण पुरे झाल्यावर लग्नाचा खर्चही छत्र करी.

महाराष्ट्रात गरीब विद्यार्थी वार लावून किंवा माधुकरी मागून शिकत. तिथेही आधी जेवण आणि मग विद्या, हाच क्रम होता. छत्राने हीच सोय घराघरांवर न सोडता एका संस्थेत आणली.

मात्र या व्यवस्थेला आदर्श मानण्याची घाई करू नका. ती राजाची कृपा होती, मुलाचा हक्क नव्हता. तसेच हे वर्णन छत्रे वाचवू पाहणाऱ्या राजाने स्वतः केलेले आहे, हे साधन तपासताना लक्षात ठेवावे. तरीही एक गोष्ट उरते : मूल कुठले आहे, हा प्रश्न मदतीच्या आड आला नाही, आणि राजाला ते अभिमानाने सांगावेसे वाटले.

२. रकाना कुठून आला?

नागरिकत्व ही आधुनिक राज्याची कल्पना. 1955 च्या नागरिकत्व कायद्यानुसार भारतात जन्मलेले मूल सामान्यतः नागरिक ठरे. 1986 च्या दुरुस्तीने 1 जुलै 1987 पासून आईवडिलांपैकी एक तरी भारतीय असणे आवश्यक झाले. 3 डिसेंबर 2004 पासून नियम आणखी कडक झाले. त्यामुळे छावणीत जन्मलेल्या दोन भावंडांची कायदेशीर स्थितीही वेगळी असू शकते. 1986 मध्ये मंडपम छावणीत जन्मलेल्या एका स्त्रीला पासपोर्ट द्यावा, असा आदेश मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने 2022 मध्ये दिला. तिच्यानंतर दोन वर्षांनी जन्मलेल्या मुलाला हा आधार नाही.

भारताने निर्वासितांविषयीच्या 1951 च्या आंतरराष्ट्रीय करारावर सही केलेली नाही. 2019 च्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्यात श्रीलंकेचा समावेश नाही.

३. 1983 नंतरचा तमिळनाडू

जुलै 1983 मधील हिंसाचारानंतर श्रीलंकेतील तमिळ लोक मोठ्या संख्येने इकडे आले. त्यांच्याच पुढाकाराने 1984 मध्ये चेन्नईत 'ऑफर' ही संस्था सुरू झाली. आपले लोक परत जातील तेव्हा शिकलेले असावेत, या विचाराने तिने शिक्षणावर भर दिला. 21 मे 1991 रोजी राजीव गांधी यांची हत्या झाली आणि वातावरण पालटले. निर्वासितांवर निर्बंध आले, त्यांच्या मुलांचे प्रवेश अडले. ज्यांचा त्या गुन्ह्याशी काही संबंध नव्हता, अशा मुलांची वर्षे वाया गेली. दशकाच्या उत्तरार्धात दारे हळूहळू पुन्हा उघडली.

27 ऑगस्ट 2021 रोजी मुख्यमंत्री स्टालिन यांनी विधानसभेत सुमारे 317 कोटी रुपयांची योजना जाहीर केली. तेव्हा 108 छावण्यांत 58,822 लोक राहत होते. शिक्षणसाहाय्यात वाढ झाली; अभियांत्रिकीला प्रवेश मिळवणाऱ्यांपैकी गुणानुक्रमे पहिल्या 50 जणांची शिकवणी फी आणि वसतिगृहाचा खर्च सरकार देईल, असे ठरले. याशिवाय संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेची 'डाफी' ही पदवी शिक्षणासाठीची शिष्यवृत्ती 1992 पासून अनेक देशांत चालू आहे.

म्हणून असा विद्यार्थी तुमच्या वर्गात असेल, तर नागरिकत्वाची अट असलेल्या योजनांच्या मागे त्याचा वेळ घालवू नका. राज्य सरकारचे पुनर्वसन खाते, 'ऑफर'सारख्या संस्था आणि कॉलेजचा स्वतःचा निधी, या क्रमाने चौकशी करा. छावणीतील नोंदणीचे कागद आधी जमवा. माझ्या विद्यार्थिनीची फी शेवटी अशीच, तीन ठिकाणांहून थोडी थोडी जमली. ती पदवीधर झाली. रकाना अजून आहे.

४. समारोप

छत्रात मुलाला दाखला लागत नसे, पण हक्कही नव्हता. आज हक्क आहेत, पण त्यांच्या दाराशी दाखला लागतो. या दोहोंतले चांगले एकत्र कसे आणावे, हा प्रश्न तुमच्या पिढीपुढे आहे.

विचारासाठी प्रश्न
१. सरफोजीराजांच्या पत्राचा ऐतिहासिक साधन म्हणून वापर करताना कोणती काळजी घ्याल?
२. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कोल्हापूरजवळ वळिवडे येथे पोलिश निर्वासितांची छावणी होती. तेथील मुलांच्या शिक्षणाची माहिती मिळवा आणि तमिळनाडूतील छावण्यांशी तुलना करा.
३. तुमच्या कॉलेजच्या शिष्यवृत्ती अर्जातील राष्ट्रीयत्वाचा रकाना वाचा. त्यात कोण बसत नाही?