डावे, उजवे आणि राजाचा नकार

राज्यशास्त्राच्या परिभाषेत ‘डावे’ आणि ‘उजवे’ हे शब्द इतके रुळले आहेत, की ती मुळात बसावयाच्या जागांची नावे होती हे सहसा ध्यानी येत नाही. १७८९ च्या उन्हाळ्यात पॅरिसजवळील व्हर्साय येथे फ्रान्सची राष्ट्रीय सभा भरली होती. राजा आणि धर्मपीठ यांचा कैवार घेणारे सभासद अध्यक्षांच्या उजव्या हातास बसू लागले. त्यांचे विरोधक डावीकडे. पलीकडच्या गोटातील आरडाओरडा आणि शिवीगाळ टाळण्यासाठी ही सोय झाली, असे उजवीकडच्या गोव्हिल नामक सरदाराने नमूद करून ठेवले आहे. एवढ्याशा सोयीतून साऱ्या जगाची राजकीय परिभाषा जन्मास यावी, हा इतिहासाचा विनोदच म्हणावयाचा!

परंतु ही फाळणी ठळक झाली ती कोणत्या प्रश्नावर, हे अधिक महत्त्वाचे आहे. तो प्रश्न मालमत्तेचा नव्हता की मजुरीचाही नव्हता. लोकप्रतिनिधींनी संमत केलेला कायदा राजाला नाकारता यावा काय, हा तो प्रश्न होता. राजाला पूर्ण नकाराधिकार असावा, असे म्युनिएचे मत होते. क्रांतीचा मोठा वक्ता मिराबो यानेही तोच पक्ष उचलून धरला. उलट सिएयेस याला कसलाच नकाराधिकार मान्य नव्हता. राष्ट्राची इच्छा एकदा व्यक्त झाल्यावर तिला अडविणारा एक मनुष्य कोण? ११ सप्टेंबर रोजी सभेने मधला मार्ग पत्करला. ६७३ विरुद्ध ३२५ मतांनी राजाला केवळ तात्पुरता नकाराधिकार मिळाला. नंतरच्या दोन विधिमंडळांनी तोच ठराव पुन्हा संमत केला, तर राजाची संमती गृहीत धरावयाची, असे १७९१ च्या राज्यघटनेने ठरविले.

कागदावर ही तडजोड समंजस होती. प्रत्यक्षात देशत्याग केलेले सरदार आणि निष्ठेची शपथ नाकारणारे धर्मगुरू यांच्याविरुद्धचे ठराव सोळाव्या लुईने १७९१ च्या अखेरीस अडविले आणि लोकांनी त्याचे नावच ‘नकारराव’ अशा अर्थाचे पाडले. १० ऑगस्ट १७९२ रोजी राजसत्ता कोसळली.

बाके मात्र राहिली, माणसे बदलली. १७९१ च्या विधिमंडळात डावीकडे बसणारे जिराँदिस्त पुढच्याच वर्षीच्या कन्व्हेन्शनमध्ये उजवीकडे दिसतात. त्यांची मते पार बदलली होती असे नव्हे. त्यांच्याहून उग्र मंडळी डावीकडील उंच बाकांवर येऊन बसली होती. ‘डावा’ म्हणजे कोणाच्या डावीकडचा, हे विचारल्यावाचून त्या शब्दाला अर्थ येत नाही.

भारताच्या लोकसभेतही सत्तारूढ पक्ष अध्यक्षांच्या उजवीकडे व विरोधी पक्ष डावीकडे बसतो; मग त्यांची विचारसरणी कोणतीही असो. व्हर्सायचा तो मूळ प्रश्न आपल्या घटनेच्या अनुच्छेद १११ ने वेगळ्या रीतीने सोडविला आहे. धनविधेयक सोडून अन्य विधेयक राष्ट्रपती फेरविचारार्थ परत पाठवू शकतात. संसदेने ते पुन्हा संमत केल्यास मात्र त्यांना संमती रोखता येत नाही. तथापि निर्णय किती दिवसांत घ्यावा, याची ठराविक मुदत त्या अनुच्छेदात नाही. १९८६ साली संसदेने टपालविषयक दुरुस्ती विधेयक संमत केले. त्यात खाजगी पत्रे अडविण्याचा विस्तृत अधिकार सरकारला दिलेला होता. राष्ट्रपती झैलसिंग यांनी त्यावर संमती दिली नाही, ते परतही पाठविले नाही. ते तसेच पडून राहिले.