कोयनेच्या जुन्या नकाशातली २१५० फुटांची रेषा



दिग्व्रत घेताना आपण दहा दिशांना मर्यादा घालतो. रत्नकरंड श्रावकाचारात त्यासाठी समुद्र, नदी, अरण्य, पर्वत अशा सगळ्यांच्या ओळखीच्या खुणा सांगितल्या आहेत. माणूस हलेल, खूण हलणार नाही, असा त्यातला विश्वास. पण कुंभार्ली घाट चढून गेल्यावरचे कोयनेचे खोरे एका पिढीत पालटले. ते आधी कसे होते हे बघायचे, तर सर्व्हे ऑफ इंडियाचा एका इंचाला एक मैल या प्रमाणाचा जुना नकाशा काढावा लागतो. क्रमांक ४७ जी या गटातला.

महाबळेश्वरला उगम पावलेली कोयना दक्षिणेला वाहत येते, हेळवाकजवळ पूर्वेला वळते आणि कऱ्हाडला कृष्णेला मिळते. नकाशात ती बारीक निळी रेघ आहे. काठाने गावे, तुटक रेघांच्या पायवाटा, आणि दोन्ही अंगांनी डोंगर चढत गेलेल्या तपकिरी रेषा. या समोच्च रेषा वाचणे आपल्याला अवघड नाही. पातेल्यात पाणी भरत गेलो की ते कडेला जिथे टेकते, तशीच एकेक रेषा. खोऱ्यात त्या उंचीपर्यंत पाणी भरले असते, तर काठ तिथे आला असता.

कोयनेत ते खरोखर भरले. १९६०च्या दशकात १०३ मीटर उंचीचे धरण उभे राहिले. पूर्ण भरलेल्या शिवसागराची पातळी आज सुमारे २१६३ फूट आहे. म्हणून धरणाच्या आधीच्या नकाशावर २१५० फुटांची रेषा धरणाच्या जागेपासून वर बोटाने गिरवत गेले, की साधारण आजचाच काठ उमटतो. त्या रेषेच्या आत ज्यांची नावे छापली आहेत, ती गावे पाण्याखाली गेली. माणसे सोलापूर, ठाणे, रायगडकडे पांगली. ११ डिसेंबर १९६७च्या भूकंपामुळे कोयना घरोघरी माहीत झाली. या गावांची नावे मात्र आपल्यापैकी कितीजणींना सांगता येतील?

मला हे जवळचे वाटते, कारण ते पाणी आपल्याकडेच येते. पूर्वेची नदी बोगद्यांतून सह्याद्रीखाली उतरते, आपल्या जिल्ह्यातल्या पोफळीला वीज करते आणि वाशिष्ठीतून अरबी समुद्राला मिळते. सगळे टप्पे धरून कोयनेची क्षमता १९६० मेगावॅट आहे. आपण सूर्यास्ताआधी जेवतो, पण सूर्यास्तानंतर दिवा लावतोच.

१९५० साली कुणा श्रावकाने पूर्वेची मर्यादा ‘कोयनेचा काठ’ अशी बांधली असती, तर पुढे त्याने कोणता काठ धरायचा होता? जुना काठ आता त्या नकाशातच उरला आहे.