उदयंपेरूरची धर्मसभा (१५९९) आणि शुद्ध मताच्या राखणदारीचा प्रश्न

‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथाच्या विसाव्या अध्यायात पौलाच्या मिलेत येथील निरोपाच्या भाषणाचा वृत्तांत आला आहे. इफिसच्या मंडळीतील वडिलांना त्याने तेथे बोलावून घेतले होते. आपल्या माघारी कळपात हिंस्र लांडगे शिरतील, इतकेच नव्हे तर वडिलांमधूनच काही जण विपरीत शिकवण घेऊन उभे राहतील, असा इशारा देऊन त्याने कळपाची राखण त्यांच्या शिरावर ठेविली. तीताला लिहिलेल्या पत्रातही अध्यक्षाने शुद्ध शिकवणीला धरून राहावे आणि विरोधकांचे खंडन करावे अशी अपेक्षा व्यक्त झाली आहे. ख्रिस्ती धर्माध्यक्षाच्या अधिकाराची जी मीमांसा पुढील शतकांत झाली, तिचा मोठा भाग या दोन उताऱ्यांवर उभा आहे. बिशप हा केवळ विधींचा अधिपती नव्हे, तो मताचा पहारेकरी होय, ही कल्पना तेथूनच रूढ झाली. परंतु पहारा कोणत्या वस्तूवर, कोणत्या मापाने आणि कोणाच्या आज्ञेवरून, हे प्रश्न त्या उताऱ्यांत सुटत नाहीत. ते प्रत्येक काळाने आपापल्या परीने सोडविले. आणि त्यांचे एक उत्तर गोव्याच्या एका आर्चबिशपने १५९९ मध्ये मलबारात दिले.

दुसऱ्या शतकाच्या अखेरीस, इ. स. १८० च्या सुमारास, लुग्दुनुम म्हणजे आजच्या लिओंचा बिशप इरेनियस याने ज्ञानवादी पंथांच्या खंडनार्थ पाच भागांचा ग्रंथ लिहिला. त्याची पद्धती लक्षात घेण्याजोगी आहे. खोडावयाचे मत तो आधी सविस्तर मांडतो, पंथापंथांतील भेद दाखवितो आणि मग प्रेषितांपासून अखंड चालत आलेल्या बिशपांच्या परंपरेचा आधार घेऊन त्याचे खंडन करतो. १९४५ मध्ये ईजिप्तमधील नाग हम्मादी येथे ज्ञानवाद्यांचे मूळ ग्रंथ सापडेपर्यंत त्यांच्याविषयीच्या माहितीचा फार मोठा आधार हा विरोधकाचा ग्रंथच होता. इरेनियसच्या हाती राजसत्ता नव्हती. त्यामुळे त्याला युक्तिवाद करणे भागच होते, असेही म्हणता येईल. चौथ्या शतकापासून ही परिस्थिती पालटली. धर्मसभांच्या निर्णयांमागे सम्राटाची आज्ञा उभी राहू लागली आणि खंडनाच्या जोडीला दंड आला.

४३१ ची इफिसची धर्मसभा प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. कॉन्स्टँटिनोपलचा पॅट्रिआर्क नेस्टोरियस याने मरियेला ‘देवमाता’ म्हणण्यास हरकत घेऊन ‘ख्रिस्तमाता’ या शब्दाचा आग्रह धरला, म्हणून त्या सभेने त्याला पदच्युत केले. ख्रिस्ताच्या ठायी देवत्व आणि मनुष्यत्व कोणत्या रीतीने एकत्र आहेत, हा वादाचा गाभा. इराणी साम्राज्यातील सिरियाई भाषक चर्चने इफिसचा निर्णय स्वीकारला नाही. म्हणून रोमन जगाने त्या चर्चला ‘नेस्टोरियन’ हे नाव दिले. मलबारचे ख्रिस्ती लोक याच चर्चशी जोडलेले होते. आपल्या धर्माचा आरंभ ते प्रेषित थोमा याच्या इ. स. ५२ मधील आगमनापासून मानतात. परंपरा बाजूला ठेविली तरी नवव्या शतकातील कोल्लमचे ताम्रपट त्यांच्या प्राचीन वसतीची साक्ष देतात. त्यांचे बिशप मेसोपोटेमियातून येत, उपासना सिरियाई भाषेत चाले, आणि लौकिक व्यवहाराची सूत्रे आर्चडीकन या स्थानिक, वंशपरंपरागत प्रमुखाच्या हाती असत. बिशप परका आणि बहुधा भाषेला अनोळखी. आर्चडीकन मात्र घरचा. या रचनेचे मर्म लक्षात घेतल्याखेरीज पुढील संघर्षाचा उलगडा होत नाही.

पोर्तुगीज आले तेव्हा प्रथम स्नेह होता. मिरीच्या लागवडीत आणि व्यापारात या ख्रिस्ती समाजाचा हात होता, ही गोष्टही त्या स्नेहाला पोषक होती. सोळाव्या शतकाच्या मध्यानंतर मात्र वातावरण बदलले. ट्रेंटच्या धर्मसभेने (१५४५–६३) बिशपांवर नियमित धर्मसभा भरविण्याचे आणि आपल्या प्रांताची जातीने पाहणी करण्याचे बंधन घातले होते. गोव्यात १५६० मध्ये इन्क्विझिशनची स्थापना झाली, आणि १५६७ पासून प्रांतिक धर्मसभांची मालिका सुरू झाली. १५८५ च्या तिसऱ्या सभेला मलबारचे शेवटचे सिरियाई बिशप मार अब्राहम उपस्थित होते. सिरियाई ग्रंथांतील ‘चुका’ दुरुस्त करण्याचे तेथे ठरले आणि त्या कामी फ्रान्सिस्कु रोझ हा सिरियाई जाणणारा कातालान जेझुइट त्यांच्या मदतीला देण्यात आला. रोझने मलबारातील ग्रंथ चाळून नेस्टोरियनांच्या चुकांवर एक लॅटिन प्रबंध सिद्ध केला. तो १९२८ मध्ये प्रसिद्ध झाला. येथे एक विसंगती नोंदविली पाहिजे. १५५३ मध्ये पूर्वेकडील चर्चची एक शाखा रोमशी एकरूप झाली होती. मार अब्राहम यांना १५६५ मध्ये खुद्द पोप चौथा पायस याने मान्यता दिली होती. रोमने मान्य केलेला बिशप गोव्याला संशयित वाटत होता.

मार अब्राहम १५९७ च्या आरंभी निवर्तले. गोव्याच्या आर्चबिशपपदी त्या वेळी आलेशु द मेनेझिश हा ऑगस्टिनियन संन्यासी होता. १५९५ मध्ये तो गोव्यात आला तेव्हा त्याचे वय अवघे छत्तीस वर्षांचे होते. पुढे १६०६ ते १६०९ या काळात त्याने पोर्तुगीज हिंदुस्थानचा कारभारही पाहिला, यावरून त्याच्या कर्तबगारीची कल्पना येते. १५९९ च्या फेब्रुवारीत तो कोचीनला उतरला. आर्चडीकन गीवर्गीस याने प्रथम टाळाटाळ केली, पण पदच्युतीची धमकी, कोचीनच्या राजाचा पोर्तुगीजांकडे असलेला कल आणि मेनेझिशने गावोगाव हिंडून नव्या कत्तनारांना दिलेल्या दीक्षा यांपुढे त्याचे काही चालले नाही. नव्याने दीक्षित झालेले हे उपाध्याय सभेत कोणाच्या बाजूला बसणार, हे उघडच होते.

सभा २० जून १५९९ रोजी उदयंपेरूर येथे भरली. पोर्तुगीज तिला ‘दियांपेर’ म्हणतात. १५३ कत्तनार आणि ६६० प्रापंचिक प्रतिनिधी उपस्थित असल्याची नोंद आहे. २६ जूनला ती संपली. एका आठवड्यात सुमारे दोनशे ठराव संमत झाले. मसुदे मूळ पोर्तुगीजमध्ये तयार होते आणि ते मल्याळममध्ये वाचून दाखविण्यात आले. आठवडाभरात दोनशे ठरावांवर चर्चा होऊ शकत नाही. ते फक्त ऐकले जाऊ शकतात. सभेची हकीकत सांगणारा मुख्य ग्रंथ अंतोनियु द गोव्हेया या ऑगस्टिनियनाचा असून तो १६०६ मध्ये कोइंब्रा येथे छापला गेला. इंग्रजीत ते ठराव मायकेल गेडिस या अँग्लिकन पाद्रीने १६९४ मध्ये आणले. पहिला मेनेझिशचा स्तुतिपाठक, दुसरा रोमचा कट्टर विरोधक; अभ्यासकाला दोघांच्याही मधून वाट काढावी लागते.

ठरावांत सर्व प्रकारचे विषय आहेत. बाबिलोनच्या पॅट्रिआर्कचा धिक्कार करणारी शपथ प्रथम आर्चडीकनला आणि मग इतरांना घ्यावी लागली. पुनर्जन्म, दैववाद आणि ज्याचा त्याचा धर्म ज्याला त्याला तारतो हे मत, ही सर्व निषिद्ध ठरली. कत्तनारांच्या विवाहाला बंदी झाली. थोमाचा धर्म वेगळा आणि पेत्राचा वेगळा, ही स्थानिक समजूत पाखंड म्हणून खोडण्यात आली. वस्तुतः तीत स्वायत्ततेचा दावा होता, मताचा नव्हे. पण या लेखाच्या दृष्टीने सर्वांत बोलका भाग तिसऱ्या सत्रातील ग्रंथविषयक ठरावांचा आहे.

सिरियाई बायबलच्या ‘पेशित्ता’ या प्राचीन भाषांतरात पेत्राचे दुसरे पत्र, योहानाचे दुसरे व तिसरे पत्र, यहूदाचे पत्र आणि प्रकटीकरण ही पुस्तके नाहीत. ही उणीव भरून काढण्याची आज्ञा झाली. ठिकठिकाणचे पाठही लॅटिन व्हल्गेटशी ताडून पाहण्यात आले, आणि जेथे फरक दिसला तेथे तो नेस्टोरियनांनी मुद्दाम केलेला अपहार मानण्यात आला. योहानाच्या पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायातील स्वर्गातील तीन साक्षीदारांचे वाक्य मलबारच्या प्रतींत नव्हते. ते त्रैक्याच्या द्वेषाने गाळले, असा आरोप झाला. आज पाठचिकित्सकांमध्ये या बाबतीत मतभेद उरलेला नाही. ते वाक्य लॅटिन परंपरेत शिरलेली उत्तरकालीन भर आहे. इरॅस्मसने १५१६ आणि १५१९ च्या आपल्या आवृत्त्यांत ते घेतले नव्हते आणि १५२२ मध्ये टीकेमुळे घेतले. म्हणजे मलबारच्या प्रती येथे अधिक शुद्ध होत्या, आणि शुद्धीच्या नावाखाली त्यांत प्रक्षेप घालण्यात आला.

दुसरे स्थळ याहून मार्मिक आहे. मिलेतच्या भाषणात ज्या वाक्याने पौल वडिलांना कळपाची राखण करावयास सांगतो, त्याच वाक्यात मंडळी कोणाची, याविषयी पाठभेद आहे. व्हल्गेटमध्ये ‘देवाची’ मंडळी आहे. पूर्वेकडील सिरियाई प्रतींत ‘ख्रिस्ताची’. पुढे त्या मंडळीची किंमत रक्ताने चुकती केल्याचा उल्लेख असल्याने, देवाने रक्त सांडले असे म्हणण्याचे टाळण्यासाठी नेस्टोरियनांनी शब्द बदलला, असे सभेने ठरविले. ग्रीक हस्तलिखितांतही या ठिकाणी एकवाक्यता नाही. काहींत ‘देवाची’ आहे, तर काही प्राचीन प्रतींत ‘प्रभूची’. धर्माध्यक्षाला पहारेकरी नेमणारे हे वाक्य. त्या वाक्याचा पाठ काय, हेच पहारेकऱ्यांना एकमताने ठाऊक नव्हते. मेनेझिशला हे माहीत असण्याचे कारण नव्हते. त्याच्यापुढे एकच माप होते आणि ते ट्रेंटने प्रमाण ठरविलेले होते. त्याच्या हेतूच्या प्रामाणिकपणाविषयी शंका घेण्याची गरज नाही. मापाविषयी घेता येते.

त्यानंतर निषिद्ध ग्रंथांची यादी येते. येशूच्या बालपणाची कथा, आकाशातून आलेल्या पत्राचे पुस्तक, शकुन व दैव सांगणारे ग्रंथ, ‘परिस्मान’ अथवा फारसी वैद्यकाचा ग्रंथ, रब्बान होर्मिझ्द या साधूचे चरित्र आणि ‘मार्गानिता’ म्हणजे ‘मोती’, हा निसिबिसच्या अब्दीशो याचा तेराव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेला धर्मतत्त्वाचा सारग्रंथ. प्रत्येक ग्रंथाच्या नावापुढे त्यातील दोष थोडक्यात सांगितला आहे. चेटकाची पोथी आणि सिरियाई धर्मशास्त्रातील एक मान्यवर कृती यांची रवानगी एकाच अग्नीकडे झाली. सर्व सिरियाई ग्रंथ दोन महिन्यांच्या आत आर्चबिशप किंवा रोझ यांच्या स्वाधीन करावेत, न केल्यास बहिष्कार, असे फर्मान निघाले. सभेनंतरच्या दौऱ्यात गावोगावी पोथ्या दुरुस्त झाल्या किंवा जळाल्या. किती जळाल्या याचा हिशेब कोणी ठेविला नाही. परंतु मलबारच्या मध्ययुगीन ख्रिस्ती ग्रंथालयाची उपलब्ध असलेली सर्वांत तपशीलवार सूची म्हणजे त्याच्या नाशाची ही आज्ञाच होय. इरेनियसने विरोधकांचे म्हणणे उतरवून ठेविले म्हणून ते टिकले; मेनेझिशने निदान नावे उतरवून ठेविली. इतिहासकाराला दोघांचेही ऋणी राहावे लागते, दुसऱ्याचे काहीशा नाइलाजाने.

हीच दृष्टी गोव्यातील मुद्रणावरही होती, हे येथे जाता जाता सांगण्यास हरकत नाही. फादर थॉमस स्टीफन्सचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले ते धर्माधिकाऱ्यांच्या अनुज्ञेने. त्या अनुज्ञेशिवाय मराठीतील ओव्या छापखान्यापर्यंत पोचल्या नसत्या. राखणदारीचा हा दुसरा चेहरा होय: एका भाषेतील ग्रंथ जाळणारी व्यवस्था दुसऱ्या भाषेतील ग्रंथाला वाट देत होती, कारण तो तिच्या देखरेखीखाली जन्माला आला होता.

सभेचे तात्कालिक फळ मेनेझिशच्या मनासारखे आले. रोझ हाच नवा बिशप झाला आणि अंगमालीचे प्राचीन पीठ गोव्याच्या अधिकाराखाली आले. त्याला आर्चबिशपपीठाचा दर्जा १६०८ मध्ये परत मिळाला. आर्चडीकनचा अधिकार मात्र आक्रसत गेला आणि असंतोष साठत राहिला. ३ जानेवारी १६५३ रोजी मट्टांचेरी येथे हजारो लोकांनी जेझुइट बिशपांची आज्ञा न मानण्याची शपथ घेतली. ‘कूनन कुरिशु’, म्हणजे वाकड्या क्रूसाची शपथ, या नावाने ती प्रसिद्ध आहे. त्याच वर्षी बारा कत्तनारांनी आर्चडीकन थोमा याच्या मस्तकावर हात ठेवून त्याला बिशप केले. समाजाचा मोठा भाग कालांतराने रोमकडे परतला. उरलेल्यांकडे १६६५ मध्ये मार ग्रेगोरियोस हे बिशप आले. ते पश्चिम सिरियाई, म्हणजे अँटिओकच्या परंपरेचे. ख्रिस्ताच्या एकत्वावर भर देणारी ही परंपरा नेस्टोरियसचा धिक्कार रोमइतक्याच, किंबहुना अधिक, आवेशाने करते. ज्या समाजावर १५९९ मध्ये नेस्टोरियन मताचा आरोप झाला, त्याच्यातील एक शाखा सहासष्ट वर्षांनी नेस्टोरियनविरोधी टोकाला जाऊन मिळाली, आणि तिला त्यात विसंगती वाटली नाही. मलबारच्या श्रद्धेचा प्राण त्या सूक्ष्म मतभेदात कितपत होता, याचे उत्तर या घटनेत शोधणे इष्ट ठरेल. लोकांना सिरियाई उपासना, सिरियाई बिशप आणि आपला आर्चडीकन हवा होता. तो सिरियाई बिशप कोणत्या पक्षाचा, हा प्रश्न दुय्यम होता.

सभेच्या वैधतेचा प्रश्न पुढे कॅथलिक विद्वानांनीच उपस्थित केला. योनास तलियात यांनी १९५८ मध्ये रोम येथे प्रसिद्ध केलेल्या प्रबंधात, सभा बोलाविण्याचा अधिकार, तिचे कामकाज आणि रोमची मान्यता या तिन्ही बाबतींत ती सदोष असल्याचे प्रतिपादन केले. तत्पूर्वी १९१० मध्ये नेस्टोरियसच्या नावे सिरियाईत टिकून राहिलेला ‘हेराक्लिदीसचा ग्रंथ’ छापून निघाला होता आणि नेस्टोरियस स्वतः तरी ‘नेस्टोरियन’ होता काय, हा वाद त्यामुळे नव्याने सुरू झाला होता. ११ नोव्हेंबर १९९४ रोजी पोप दुसरा जॉन पॉल आणि पूर्वेकडील असिरियाई चर्चचे पॅट्रिआर्क चौथे मार दिन्खा यांनी व्हॅटिकनमध्ये एका संयुक्त घोषणेवर सह्या केल्या. तीत ‘देवमाता’ आणि ‘ख्रिस्तमाता’ हे दोन्ही शब्द एकाच श्रद्धेची उचित रूपे म्हणून मान्य झाले.

क्रांगनूर येथे १३०१ मध्ये लिहून झालेली पौलाच्या पत्रांच्या वाचनपाठांची एक सिरियाई पोथी व्हॅटिकनच्या ग्रंथालयात सुरक्षित आहे. भारतात लिहिल्या गेलेल्या ज्ञात सिरियाई पोथ्यांमध्ये ती सर्वांत जुनी मानतात. तिच्या सोबतच्या ज्या पोथ्या मलबारातच राहिल्या, त्या १५९९ नंतर दुरुस्तीच्या खुणांसह सापडतात किंवा सापडतच नाहीत.