काट्यावरचा आकडा आणि अंगातली ताकद

वजन उतरलं की प्रकृती सुधारली, हे आपल्याकडे आता जवळजवळ गृहीत धरलं जातं. लग्नकार्यात भेटलेला नातेवाईक ‘किती किलो कमी केलंस?’ असं विचारतो. जिना चढताना धाप लागायची थांबली का, हे कुणी विचारत नाही. जिमच्या जाहिराती किलोंची भाषा बोलतात, आहारपंथांची चढाओढही किलोंतच लढली जाते. नव्याने व्यायामाला लागलेला माणूस महिन्याभराने काट्यावर उभा राहतो, आकडा हललेला नसतो, आणि तो व्यायाम सोडून देतो. माझा आक्षेप या गृहीतकाला आहे. सुरुवात करणाऱ्यासाठी वजन हे अपुरं माप आहे आणि आपल्या लोकांच्या शरीरासाठी तर ते फसवंही आहे.

आधी पूर्वपक्ष, आणि तोही त्याच्या पूर्ण बळानिशी. ब्रिटनमध्ये २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘डायरेक्ट’ या चाचणीत टाइप २ मधुमेहाच्या स्थूल रुग्णांना काही महिने दिवसाला सुमारे ८५० उष्मांकांच्या आहारावर ठेवलं. वर्षाअखेर त्यांतल्या ४६ टक्के रुग्णांचा मधुमेह औषधाविना आटोक्यात होता. १५ किलो किंवा त्याहून जास्त वजन उतरवलेल्यांमध्ये हे प्रमाण ८६ टक्के होतं. दुखऱ्या गुडघ्यांच्या स्थूल माणसांत उतरलेला प्रत्येक किलो दर पावलाला गुडघ्यावरचा सुमारे चार किलोंचा भार हलका करतो. या पक्षाचा दुसरा मुद्दा म्हणजे ‘८० टक्के आहार, २० टक्के व्यायाम’ हे सूत्र. नुसत्या व्यायामाने वजन फारसं उतरत नाही, म्हणून व्यायाम दुय्यम, असा त्याचा अर्थ लावला जातो.

यातली तथ्यं मला मान्य आहेत. त्यांवरून काढलेला निष्कर्ष मान्य नाही.

पहिला प्रश्न असा की, काटा नेमकं काय मोजतो? हाडं, स्नायू, चरबी, पाणी, पोटातलं अन्न या सगळ्यांची बेरीज. उंचीच्या वर्गाने वजनाला भागून येणारा बीएमआय या बेरजेला थोडी शिस्त लावतो, पण तिची फोड करत नाही. बेल्जियमच्या केटले या गणितज्ञाने १८३२ साली हे गुणोत्तर मांडलं, ते समाजातल्या ‘सरासरी माणसा’चा अभ्यास करण्यासाठी. एकेका व्यक्तीच्या आरोग्याचा निवाडा करणं हा त्याचा हेतू नव्हता.

ही उणीव सर्वांत स्पष्ट दाखवली ती पुण्याच्या एका डॉक्टरांनी. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचाही बीएमआय अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के! त्याआधी याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतल्या नवजात बाळांची तुलना इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या बाळांशी केली होती. आपली बाळं सरासरी पावणेतीन किलोंच्या आसपास, तिकडची साडेतीन किलोंच्या. पण आपल्या बाळांत उणे होते ते मुख्यतः स्नायू. पाठीवरच्या त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकून होती. दिसायला बारीक आणि आतून चरबीदार, ही आपल्याकडच्या अनेकांची जन्मापासूनची ठेवण आहे.

ही ठेवण मोठेपणीही दिसते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ या देशव्यापी पाहणीचे २०२३ मधले आकडे पाहा. बीएमआयच्या हिशेबाने लठ्ठ प्रौढ २८.६ टक्के, पोटाच्या घेराच्या हिशेबाने ३९.५ टक्के. म्हणजे शंभरातले किमान अकरा जण असे, ज्यांना बीएमआय लठ्ठ म्हणत नाही, पण ज्यांचं पोट धोक्याची रेषा ओलांडून गेलेलं आहे. ‘माझं वजन तर बरोबर आहे’ असं म्हणत ते निर्धास्त राहतात. त्याच पाहणीने देशात १० कोटींहून अधिक मधुमेही असल्याचा अंदाज दिला.

आता दुसरा प्रश्न. वजन न उतरता प्रकृती सुधारते का? याचं उत्तर चेन्नईत मिळालं. डॉ. ए. रामचंद्रन यांच्या भारतीय मधुमेह प्रतिबंध कार्यक्रमात मधुमेहाच्या उंबरठ्यावरचे ५३१ जण होते. तीस महिन्यांच्या आसपास पाठपुरावा झाला. नुसता नेहमीचा सल्ला मिळालेल्या गटातल्या ५५ टक्के लोकांना मधुमेह झाला. चालणं वाढवून आहार सुधारलेल्या गटात हेच प्रमाण ३९.३ टक्के होतं. धोका पाव हिश्शाहून जास्त घटला, आणि या गटाचं सरासरी वजन मात्र लक्षणीय उतरलेलं नव्हतं. या माणसांनी काट्यावर विश्वास ठेवला असता, तर आपले कष्ट वाया गेले असंच त्यांना वाटलं असतं.

लंडनच्या बसगाड्यांचा पुरावा याहून जुना आहे. संशोधक जेरी मॉरिस यांनी १९५३ साली दाखवलं की, दिवसभर बसून गाडी हाकणाऱ्या चालकांपेक्षा दुमजली बसचे जिने चढउतार करणाऱ्या वाहकांना हृदयविकार कमी होतो. वाहक मुळात सडपातळ असतील, ही शंका रास्त होती. म्हणून गणवेशाच्या पँटच्या कमरेची मापं तपासली गेली. वाहकांच्या कमरा खरोखरच लहान निघाल्या. पण कमरेचा घेर सारखा असलेल्या चालक-वाहकांची तुलना केली, तरी अचानक मृत्यूचं प्रमाण वाहकांतच कमी भरलं. हालचालीचा लाभ घेराच्या पलीकडेही उरत होता.

यामागचं कारण स्नायूंत आहे. जेवणानंतर रक्तात येणाऱ्या साखरेचा मोठा वाटा स्नायू उचलतात, आणि काम करणारा स्नायू इन्सुलिनची वाट न पाहताही साखर आत घेतो. त्यामुळे जेवणानंतरची दहा-पंधरा मिनिटांची शतपावलीही साखरेचा चढ कमी करते. काट्याला यातलं काहीच कळत नाही.

काटा उतरतो तेव्हा तरी तो खरं सांगतो का? भात-पोळी एकदम बंद केली की पहिल्या आठवड्यात दोन-तीन किलो जातात. स्नायू आणि यकृतातल्या साखरेच्या साठ्याबरोबर तिच्या सुमारे तिप्पट पाणी धरलेलं असतं, ते निघून जातं. पुढे उपासमार चालूच राहिली आणि ताकदीचा व्यायाम नसला, तर उतरलेल्या वजनाचा साधारण चौथा हिस्सा स्नायूंसारख्या चरबीविरहित ऊतींचा असतो. ज्यांच्याकडे जन्मतःच स्नायूंची चणचण, त्यांनी हे भांडवल गमावायचं आणि त्याला यश म्हणायचं! नंतर वजन परत येतं तेव्हा चरबी लवकर परतते, स्नायू तितक्या सहज परतत नाहीत. वजन उतरवणारी इंजेक्शनं २०२५ पासून आपल्या बाजारातही ठळकपणे आली आहेत. आकडा आता पाऊल न उचलताही खाली आणता येतो, म्हणून हा भेद ओळखणं अधिक निकडीचं झालं आहे.

८०:२० च्या सूत्रातलं गृहीतक बरंचसं बरोबर आहे. पाऊण तास चालून खर्च झालेले उष्मांक एका वडापावाने भरून निघतात. पण त्यावरून व्यायाम दुय्यम ठरवणं म्हणजे सिद्ध करायची गोष्ट आधीच धरून चालणं आहे. वजन हेच ध्येय मानलं, तरच व्यायाम वीस टक्क्यांचा ठरतो. दम, ताकद, तोल, साखर, झोप आणि म्हातारपणी स्वतःच्या पायांवर उभं राहणं हे ध्येय मानलं, तर त्याची जागा दुसरं काहीच घेऊ शकत नाही. बोस्टनच्या एका शुश्रूषागृहात नव्वदीच्या घरातल्या दहा जणांना आठ आठवडे पायांच्या ताकदीचा व्यायाम दिला गेला. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांनुसार त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. इतक्या उशिरा आणि इतक्या थोड्या दिवसांत अशी वाढ होते, तर चाळिशीत सुरुवात करणाऱ्याने निराश होण्याचं कारणच नाही.

‘डायरेक्ट’ चाचणीचं उत्तर अजून द्यायचं आहे. तिच्यातले रुग्ण २७ ते ४५ बीएमआयचे होते आणि त्यांच्यावर वैद्यकीय देखरेख होती. त्यांना गुण आला तो मुख्यतः यकृत आणि स्वादुपिंडातली चरबी हटल्यामुळे, असं त्या संशोधकांचंच म्हणणं आहे. खरोखर स्थूल माणसाने वजन उतरवलंच पाहिजे, आणि त्याच्यासाठी काटा उपयोगी आहे. मात्र तिथेही तो एक साक्षीदार आहे. निकाल त्याच्या एकट्याच्या साक्षीवर देता येत नाही.

आहाराच्या वादालाही हीच कसोटी लागू आहे. डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या मांडणीवर आधारलेला डॉ. जगन्नाथ दीक्षित यांचा दोन वेळा जेवण्याचा मार्ग आणि दर दोन-तीन तासांनी थोडंथोडं खाण्याचा मार्ग, यांवरून महाराष्ट्रात घराघरांत वाद झडले. दीक्षितांनी आहाराला पाऊण तासाच्या चालण्याची जोड दिली आणि सल्ला विनामूल्य दिला, हे श्रेय त्यांना दिलंच पाहिजे. पण खाण्याच्या वेळेतच सारं गुपित आहे, हा दावा टिकत नाही. चीनमधल्या १३९ स्थूल लोकांवरच्या वर्षभराच्या चाचणीत (२०२२) दोन्ही गटांना उष्मांक सारखेच कमी दिले. एका गटाला सकाळी ८ ते दुपारी ४ एवढ्याच वेळात खाण्याची मुभा होती. वजनातला फरक लक्षणीय निघाला नाही. स्टॅनफर्डच्या ६०९ जणांवरच्या चाचणीत (२०१८) कमी स्निग्ध आणि कमी पिष्टमय आहारांतही तेच दिसलं. जो आहार वर्षानुवर्षं निभतो आणि पोट भरून उष्मांक बेताने देतो, तो आपला. मराठी ताटात त्यासाठी परकं काही आणावं लागत नाही: अर्धं ताट भाजी-कोशिंबिरीचं, वाटीभर घट्ट वरण किंवा मोडाची उसळ, ताक वा दही, चालत असेल त्याला अंडं-मासळी, भात किंवा भाकरी राहील, पण उरलेल्या जागेत. चहातली साखर, फरसाण आणि तळणीचं तेल यांना आधी आवर घालावा.

मग मोजायचं काय? पहिलं, पोटाचा घेर: पुरुषाचा ९० सेंटिमीटरच्या आत आणि स्त्रीचा ८० च्या आत. दुसरं, ताकद: हात छातीशी घेऊन खुर्चीवरून तीस सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहता येतं. साठी ते चौसष्टीच्या पुरुषाला १४ आणि स्त्रीला १२ वेळा जमलं पाहिजे. तरुणांनी याहून बरंच पुढे असावं. तिसरं, दम: नेहमीचा जिना न थांबता चढता येतो का. दर महिन्याला हे तीन आकडे वहीत लिहावेत. रक्तदाब आणि साखर डॉक्टरांच्या सल्ल्याने तपासत राहावं.

करायचंही फार अवघड नाही. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल आणि दोन दिवस ताकदीचा व्यायाम सांगते. बोलता येईल पण गाता येणार नाही, इतक्या गतीने चालावं. ताकदीसाठी खुर्चीवरची उठबस, भिंतीला हात टेकून जोर, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणं एवढ्यावर सुरुवात होते. पुढे बैठका, जमिनीवरचे जोर आणि सूर्यनमस्कार आहेतच. छातीत दुखत असेल किंवा मधुमेहाची औषधं चालू असतील, तर आधी डॉक्टरांना विचारावं. आहार कमी करून त्याच मात्रेत औषध घेतलं तर साखर धोकादायक उतरू शकते.

आयुर्वेदाचा ग्रंथकार वाग्भट याने व्यायामाची फळं सांगताना अंगाचा हलकेपणा, काम करण्याची क्षमता, चांगली भूक, मेदाचा क्षय आणि घट्ट, रेखीव अवयव यांची नावं घेतली, आणि बलवानानेही अर्ध्याच शक्तीनिशी व्यायाम करावा असं बजावलं. आजच्या चाचण्या जे मोजतात त्याच्याशी ही यादी चांगली जुळते. म्हणून नव्याने सुरुवात करणाऱ्यांना माझं आग्रहाचं सांगणं आहे: पहिले तीन महिने काट्यावर पाऊल ठेवू नका. घेर, उठबस आणि जिना यांचा हिशेब ठेवा. हे तीन सुधारत असतील, तर वजन तसूभर न हलताही तुमची प्रकृती सुधारत आहे, आणि व्यायाम चालू ठेवण्यासाठी तेवढं कारण पुरेसं आहे.